पानांची यादी पुरे झाली : अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
सूक्ष्मजीवशास्त्र व वनस्पतिशास्त्र अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठे

विषय : औषधी वनस्पतींचे अर्क आणि बायोफिल्म यांवरील एम.एस्सी. प्रकल्पांबाबत

स.न.वि.वि.

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राला बाह्य परीक्षक म्हणून जो कुणी जातो, त्याला टेबलावरचा काळ्या बांधणीचा ढीग उघडण्याआधीच त्यातली काही शीर्षके सांगता येतात. कडुलिंबाच्या पानांच्या मिथेनॉल अर्काचा बायोफिल्मवर परिणाम. निर्गुडीच्या पानांच्या मिथेनॉल अर्काचा बायोफिल्मवर परिणाम. मग अडुळसा, शेवगा, घाणेरी, तुळस, पुन्हा तुळस. वनस्पती बदलते. अर्क काढायचे सॉक्सलेट उपकरण तेच, जिवाणू वाढवायची ९६ खळग्यांची प्लेट तीच, क्रिस्टल व्हायोलेटचा रंग तोच आणि शेवटचे वाक्यही तेच : ‘या अर्कापासून भविष्यात प्रभावी औषध विकसित होण्याची शक्यता आहे.’ ते कोण करणार, असे तोंडी परीक्षेत विचारले की मुले मार्गदर्शकांकडे बघतात आणि मार्गदर्शक घड्याळाकडे.

थट्टा करायला हे पत्र लिहीत नाही. विषय महत्त्वाचा वाटतो म्हणून जाहीरपणे लिहितो आहे. वनस्पतींचे अर्क बायोफिल्मविरुद्ध कामी येऊ शकतात असे मानायला भक्कम कारणे आहेत. पण प्रकल्प कशाला म्हणायचे, कशाला गुण द्यायचे हे आपण ज्या पद्धतीने ठरवले आहे, किंवा ठरवायचे राहून गेले आहे, त्यामुळे राज्यभरातल्या प्रयोगशाळांचे हे कष्ट दरवर्षी पहिल्याच पायरीवर संपतात. ते बदलायला मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत. ते आपल्या बैठकीत होऊ शकते.

पत्र खुले आहे, म्हणून विषयाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे. जिवाणू एकेकटे तरंगत असतात तेव्हा त्यांना मारणे तुलनेने सोपे. पण दातावर, मोरीच्या नळात, लघवीच्या कॅथेटरवर किंवा बऱ्या न होणाऱ्या जखमेत ते चिकटतात, वाढतात आणि शर्करा, प्रथिने व डीएनए यांचा चिकट थर स्वतःभोवती तयार करून त्यात राहतात. हीच बायोफिल्म. डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने आपल्याच दातांवरचे कीटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. १६८४ साली छापलेल्या त्या पत्रात त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली होती : व्हिनेगरने दात धुतले तर कीटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव तेवढे मेले, आतपर्यंत व्हिनेगर पोचलेच नाही. प्रतिजैविकांचे आज नेमके तेच होते. थरातल्या जिवाणूंना मारायला काही वेळा हजारपटीपर्यंत जास्त मात्रा लागते, आणि एवढी मात्रा रोग्याच्या शरीराला सोसत नाही. आतले जिवाणू मंदावलेले असतात, काही तर जवळपास झोपलेले, आणि बहुतेक प्रतिजैविके वाढणाऱ्या पेशीवरच घाव घालतात.

अमेरिकेत २००८ साली जखमांच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी झाली. जुनाट जखमांच्या ५० नमुन्यांपैकी ३० मध्ये बायोफिल्म आढळली, ताज्या जखमांच्या १६ पैकी फक्त एकात. मधुमेही माणसाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने का भरत नाही, याचे एक मोठे कारण या दोन आकड्यांत आहे. आपल्या राज्यात अशी जखम घरोघरी माहीत आहे.

आता वनस्पतींकडे येतो, कारण आपले काम तिथे आहे.

झाडाला पांढऱ्या पेशी नसतात. मुळापासून पानापर्यंत ते जिवाणूंनी वेढलेले असते आणि पळून जाऊ शकत नाही. त्यामुळे झाडांची रसायने पुष्कळदा जिवाणूला सरळ ठार मारत नाहीत, त्याच्या कामात खोडा घालतात : चिकटू देत नाहीत, आपसांतले रासायनिक निरोप तोडतात, आत आलेले विष बाहेर फेकणारे पंप बंद पाडतात. समुद्रातही हे चालते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचे डेलिसिया पुल्क्रा हे लाल शैवाल आपला पृष्ठभाग स्वच्छ ठेवते, कारण त्यातली फ्युरॅनोन रसायने जिवाणूंच्या निरोपाच्या रेणूंची जागा अडवतात. क्रॅनबेरीतली काही संयुगे ई. कोलायला मूत्रमार्गाच्या पेशींना चिकटण्यापासून रोखतात.

मला सर्वांत शिकवणारे उदाहरण वाटते ते दारुहळदीच्या भाऊबंदांचे. त्यांतले बर्बेरिन हे जिवाणूविरोधी आहे, पण एकटे दुबळे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू आपल्या नॉर-ए या पंपाने ते भराभर बाहेर टाकतो. २००० साली अमेरिकेतल्या एका गटाने दाखवले की त्याच झुडपात एक दुसरे संयुग असते, जे स्वतः जिवाणूला काहीच करत नाही, फक्त तो पंप अडवते. दोन्ही एकत्र आली की बर्बेरिन कामाला लागते. बर्बेरिन शुद्ध करण्याच्या नादात आपण हा जोडीदार फेकून देतो. म्हणजे ‘अर्क की शुद्ध रेणू’ हा वाद तत्त्वज्ञानाचा नाही, प्रत्येक झाडापुरता प्रयोगाने सोडवायचा आहे. आपल्याकडच्या किती प्रकल्पांत अर्काचे भाग वेगळे करून आणि पुन्हा एकत्र करून पाहिलेले असतात?

लसणाची गोष्ट उलट बाजूने बोलकी आहे. सूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूचे आपसांतले निरोप लसणाचा अर्क तोडतो, हे प्लेटमध्ये दिसले, उंदरांत दिसले. मग ब्रिटनमध्ये सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसे बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांवर लसूण-तेलाच्या कॅप्सूलची छोटी, पण यादृच्छिक पद्धतीची चाचणी झाली. २०१० साली निष्कर्ष आले : लक्षणीय फायदा नाही. लसणातला हा परिणाम मुख्यतः अजोईन या रेणूमुळे होतो, हे डेन्मार्कच्या संशोधकांनी मांडले ते २०१२ साली. अर्थात आधी रोग्यांना कॅप्सूल दिल्या गेल्या आणि कामाचा रेणू कोणता ते नंतर कळले. तरीही त्यांनी चाचणी केली आणि नकारात्मक निकाल छापला. आपल्याकडे हे दोन्ही दुर्मीळ.

आता आपल्या प्रकल्पांतल्या टेबलावरच्या गोष्टी. हा भाग लांबेल, कारण खरी अडचण इथेच आहे.

पहिली अडचण मात्रेची. प्रतिजैविक मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. प्रकल्पांत अर्क मिलिलिटरला १०, २०, कधी ५० मिलिग्रॅम घातलेला असतो. एवढ्या मात्रेत चहापत्तीसुद्धा जिवाणू थांबवील. स्पेनच्या रिओस आणि रेसिओ यांनी २००५ सालीच सुचवले होते की अर्कासाठी मिलिलिटरला १ मिलिग्रॅम आणि शुद्ध संयुगासाठी ०.१ मिलिग्रॅम यापुढे जाऊन क्रिया दाखवण्यात अर्थ नाही. ही मर्यादा आपण अभ्यासक्रमात एका ओळीत लिहू शकतो.

दुसरी अडचण क्रिस्टल व्हायोलेटची. तो जांभळा रंग जिवंत पेशींना लागतो, मेलेल्यांना लागतो, थरालाही लागतो. म्हणून रंग कमी झाला की ‘बायोफिल्म इतके टक्के नष्ट’ असे लिहिता येत नाही. जिवाणू मेले, की वाढलेच नाहीत, की धुताना निघून गेले, हे त्यातून कळत नाही. ते कळायला थर खरवडून, पेशी मोकळ्या करून त्यांतल्या जिवंत पेशींपासून वाढणाऱ्या कॉलनी मोजाव्या लागतात. त्याला महागडे यंत्र लागत नाही, प्लेटा आणि चिकाटी लागते. शिवाय पानांच्या अर्कात हरितद्रव्य असते आणि वाढ ज्या ६०० नॅनोमीटरला मोजतात तिथे ते स्वतःच प्रकाश शोषते. सालींच्या अर्कात टॅनिन हे तुरट द्रव्य असते. ते माध्यमातल्या प्रथिनांना साकळवते आणि लोह पकडून ठेवते. सूडोमोनासला बायोफिल्म करायला लोह लागते. त्यामुळे खळग्यात जो परिणाम दिसला तो औषधाचा, की उपासमारीचा? लोह वाढवून तोच प्रयोग पुन्हा केला की उत्तर मिळते. एका दुपारचे काम आहे.

तिसरी अडचण वेळेची. बहुतेक प्रकल्प जिवाणू आणि अर्क एकाच वेळी खळग्यात घालतात आणि २४ तासांनी पाहतात. यातून बायोफिल्म तयार व्हायला अडथळा येतो का ते कळते. रोगी मात्र जखम जुनी झाल्यावर येतो, थर बसल्यावर येतो. तयार बायोफिल्मवर काय होते, हा प्रश्न वेगळा आणि बहुधा त्याचे उत्तर निराशाजनक. म्हणूनच तो विचारला जात नसावा.

आणि निकाल उलटे आलेले खळगे? ॲमिनोग्लायकोसाइड गटातल्या प्रतिजैविकांची मात्रा कमी पडली तर सूडोमोनासची बायोफिल्म उलट वाढते, हे २००५ सालापासून ठाऊक आहे. अर्कांचेही तसे होऊ शकते. पण ‘वाढ झाली’ असे लिहिलेला प्रबंध शोधायला जावे लागेल. तो आकडा ‘प्रायोगिक त्रुटी’ या नावाखाली जातो.

निरोप पोचले तरच जांभळा रंग बनवणाऱ्या क्रोमोबॅक्टेरियम या जिवाणूच्या थाळीवरचा पांढरा घेर हा सगळ्यांचा आवडता फोटो. निरोप तुटले म्हणून रंग गेला, की जिवाणूच कमी झाले म्हणून, हे त्याच वेळी पेशी मोजल्याशिवाय ठरत नाही. द्रावकाचे नियंत्रण, म्हणजे नुसता द्रावक घातलेला तुलनेचा खळगा, अनेकदा नसतेच, आणि डीएमएसओ हा द्रावक स्वतः निरुपद्रवी नाही.

वनस्पतिशास्त्राच्या सदस्यांना वेगळे सांगायला नको, पण पत्र त्यांनाही आहे. ‘स्थानिक बाजारातून आणली’ ही वनस्पतीची ओळख होऊ शकत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात अशोकाची साल मागितली की खोट्या अशोकाची मिळू शकते. वावडिंग म्हणून जे येते ते पुष्कळदा एम्बेलिया रायब्स नसून त्याच प्रजातीतली दुसरी जात असते. दारुहळद हिमालयातली, पण दक्षिणेकडची एक वेगळीच वेल तिच्या नावाने विकली जाते. पिवळी आहे, बर्बेरिनही आहे, झाड मात्र दुसरे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांचा संग्रह, आहे. नमुना ओळखून घेऊन हर्बेरियम क्रमांक प्रबंधात छापणे सक्तीचे का नसावे? (आणि दुर्मीळ झाडे प्रकल्पांतून वगळा, अशीही विनंती. नरक्या हे झाड पश्चिम घाटात दुर्मीळ झाले ते औषधाच्या मागणीनेच.)

हे सगळे झाल्यावर मुद्दा उरतो तो निवडीचा. प्रस्ताव मंजूर करताना आपल्या समित्या ‘नावीन्य’ मागतात. विद्यार्थ्याला आजवर सहाच महिने मिळत आले, पैसे नाहीत. तो सर्वांत स्वस्त नावीन्य आणतो, म्हणजे आजवर कुणी न घेतलेले पान. परिणामी हजार पाने एकदा तपासली गेली आणि एकही पान दहा ठिकाणी तपासले गेले नाही. पैसे देऊन छापणारी नियतकालिके यावर पोसली गेली. त्यांना आवर घालायला आलेली यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये गुंडाळली गेली.

माझी सूचना अशी. काही वर्षांसाठी राज्यातल्या विद्यापीठांनी मिळून एकच प्रश्न घ्यावा. माझ्या मनात पंचवल्कल आहे : वड, उंबर, पिंपळ, पायर आणि पारोसा पिंपळ यांच्या साली. त्यांच्या काढ्याने जखम धुण्याची पद्धत आयुर्वेद रुग्णालयांत आजही चालू आहे. सुश्रुताने व्रणाचे जे साठ उपक्रम सांगितले, त्यांत कषाय, म्हणजे काढा, आहेच. म्हणजे वापर आधीपासून आहे, तो शोधायला जायचे नाही. साली टॅनिनने भरलेल्या आहेत. झाडे दुर्मीळ नाहीत. उपचार बाहेरून करायचा, त्यामुळे पोटात शोषले जाईल का हा प्रश्नच येत नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचे घोडे त्याच ठिकाणी अडले आहे.

पण प्रयोग मग उपचारासारखा हवा. कोणताही वैद्य मिथेनॉलने जखम धूत नाही, तेव्हा अर्क पाण्यातला हवा. जखम धुताना काढा काही मिनिटे लागतो, २४ तास नाही. मग प्लेटमध्येही दहा मिनिटेच ठेवायचा. तुलना नुसत्या खळग्याशी न करता सलाइनशी आणि पोव्हिडोन आयोडीन या नेहमीच्या जंतुनाशकाशी करायची. जिवाणू एकटा घेऊ नये, स्टॅफिलोकॉकस आणि सूडोमोनास दोन्ही एकत्र वाढवलेले असावेत, कारण जखमेत ते एकटे क्वचितच असतात. थर ४८ तासांचा, म्हणजे बसलेला असावा. जखम शस्त्राने साफ केल्यानंतर पहिले एक-दोन दिवस नवी बायोफिल्म कच्ची असते आणि औषधांना बरीच दाद देते, हे २०१० च्या सुमाराच्या कामातून दिसले आहे. काढ्याची जागा असलीच तर बहुधा या फटीत आहे, जुना थर एकट्याने विरघळवण्यात नाही. त्यातही थर सुटून जिवाणू मोकळे झाले तर ते रक्तात जाऊ शकतात, म्हणून प्रतिजैविकासोबत काय होते हे पाहावेच लागेल. त्याच काढ्याने त्वचेच्या पेशी मरतात का, हे पाहायला पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राकडे पेशी मिळतात. जिवाणूंचे प्रमाणित वाण पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) संग्रहात आहेत.

प्रमाणीकरणाचा प्रश्न इथेही आहेच. पाचव्या सालीच्या जागी काही जण शिरीष घेतात तर काही वेतस, हे भावप्रकाशातच नोंदले आहे. बरे, साल खोडाची की फांदीची? खोडाची साल सोलत सुटलो तर झाडे मरतील. पावसाळ्याआधी महापालिका वडा-पिंपळाच्या ज्या फांद्या छाटते, त्यांची साल चालेल का, त्यात टॅनिन पुरेसे आहे का, रस्त्याकडेच्या झाडात शिसे किती, हा एकेक स्वतंत्र आणि उत्तम प्रकल्प आहे. यात नावीन्य नाही असे कोण म्हणेल?

पाच विद्यापीठांनी एका जागी ओळख पटवलेल्या सालीची एकच बॅच वाटून घ्यावी, पुड्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक असावेत, एका पुडीत भलतीच साल असावी आणि ती कोणती हे मुलांना शेवटपर्यंत कळू नये. पाचही ठिकाणी सारखे उत्तर आले तर पुढे जायला आधार मिळेल. वेगवेगळे आले तर का आले, हे शोधण्यात पुढची तुकडी खरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होईल.

पुढचा रस्ताही कायद्यात आखलेला आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या नियमांत ‘फायटोफार्मास्युटिकल’ हा वर्ग आणला : औषधी वनस्पतीच्या अर्काचा शुद्ध, प्रमाणित भाग, ज्यातली किमान चार संयुगे ओळखून मोजलेली आहेत, पोटात किंवा बाहेरून वापरायचा, टोचायचा नाही. आपल्या प्रबंधांतल्या अर्कांत चार सोडा, एक संयुग तरी मोजलेले असते का? टॅनिन, गॅलिक आम्ल यांचे मोजमाप पदव्युत्तर प्रयोगशाळेत होऊ शकते. रुग्णांपर्यंतची चाचणी हे आपले काम नाही. ती आयुर्वेद महाविद्यालये, शल्यचिकित्सक आणि त्यांच्या नैतिक समित्या करतील, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद करून करतील. त्यांच्या हातात विश्वासाने देता येईल असे काही तयार करणे एवढेच आपल्याकडे आहे.

दोन आक्षेप मला आत्ताच ऐकू येतात. एक, सगळ्यांनी एकच काम केले तर नक्कल होईल. प्रबंधातला मजकूर तपासणारे सॉफ्टवेअर याला साम्य म्हणेल, हे खरे; त्यासाठी पद्धतीचे प्रकरण तपासणीतून वगळावे. दुसरा, विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य जाईल. आज त्याला स्वातंत्र्य आहे ते पान निवडण्याचे. नव्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात शोधप्रकल्प आणला आहे, म्हणजे पूर्ण वर्ष हाताशी आले आहे. त्यात तीच कसरत दोनदा करून घ्यायची की एक गोष्ट नीट, एवढाच प्रश्न आहे.

आणि प्रयोगशाळेबाहेर जे होते त्याचाही विचार व्हावा. ‘अमुक पानाने घातक जिवाणूंचा नायनाट, विद्यापीठातील संशोधन’ अशी बातमी येते, व्हॉट्सॲपवर फिरते, आणि पायाला जखम असलेला मधुमेही माणूस त्या पानाचा लेप बांधून आठवडाभर घरी थांबतो. दवाखान्यात येतो तेव्हा बोट काळे पडलेले असते. प्लेटमधला निकाल वर्तमानपत्राला देण्याआधी विभागप्रमुखाची लेखी परवानगी लागेल आणि बातमीत ‘रुग्णांवर तपासलेले नाही’ हे शब्द असतीलच, असा ठराव करायला काय हरकत आहे?

पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. मात्रेची मर्यादा, कॉलनी मोजणी, हर्बेरियम क्रमांक, द्रावकाचे नियंत्रण, तयार बायोफिल्मवरचा प्रयोग आणि नकारात्मक निकालाला पूर्ण गुण, एवढ्या सहा अटी मूल्यमापनाच्या तक्त्यात बसल्या तरी येत्या जूनपासून फरक पडेल. संयुक्त प्रकल्पाचा आराखडा आणि काढ्याची कार्यपद्धती लिहून द्यायला मी तयार आहे, आणि माझ्यासारखे निवृत्त आणखीही आहेत. मानधन नको. जायचा-यायचा एसटीचा खर्च मिळाला तर घेऊ.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक